पाणथळ रानात पॅरा गवत: लावायची घाई नको, आधी बांध बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड एकराचा सखल तुकडा, पावसाळ्यात चार-पाच महिने घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पाणी, आणि उरलेल्या काळातही जमीन चिबडच. चाऱ्यासाठी संकरित नेपियर गवताची ठोंबं दोनदा लावली, दोन्ही वेळा कुजली. आता एक जण म्हणतो, पॅरा लावा, कुठेही येतं. दुसरा म्हणतो, पॅरा लावाल तर जन्मभर उपटत बसाल. ऐकायचं कोणाचं, आणि लावायचंच तर कसं?

दोघंही खरं बोलतायत. ज्या गुणामुळे पॅरा तुमच्या तुकड्यात येईल, त्याच गुणामुळे ते शेजाऱ्याच्या चरातही जाईल. मी वीसेक वर्षं हे गवत लावतोय, कापतोय आणि काही ठिकाणी मुळासकट काढतोयही. लावणीत चुकलेले लोक मला कमी भेटले. चुकतात ते पाण्याच्या पातळीत आणि हद्दीत. म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावरच जाईल.

आधी नेपियर का कुजलं ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मुळांना श्वास लागतो. चांगल्या जमिनीत मातीच्या कणांमधल्या पोकळीत हवा असते. पाणी तुंबलं की ती पोकळी पाण्याने भरते, आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने जवळजवळ दहा हजार पट सावकाश सरकतो. दोन-तीन दिवसांत मुळाभोवतीचा साठा संपतो आणि मूळ गुदमरतं. पॅराचं तसं होत नाही, कारण त्याचं खोड आतून पोकळ असतं. पाण्यावर राहिलेल्या पानांकडून हवा त्या नळीतून खाली पोचते. एखादी जून कांडी आडवी कापून चिमटीत दाबून बघा, सहज चपटी होते. हा पोकळपणा डोक्यात ठेवा, लावणीत आणि कापणीत तो पुन्हापुन्हा आडवा येणार आहे.

ओली जमीनही सगळी सारखी नसते. हात-दीड हात खोल खड्डा खणा आणि आतली माती नाकाजवळ धरा. तांबूस-तपकिरी ठिपके असलेली करडी माती, नुसता चिखलाचा वास, म्हणजे पाणी चढतं आणि उतरतं. पॅराला हे आवडतं. माती निळसर-काळी आणि वास सडक्या अंड्यासारखा, म्हणजे पाणी महिनोन्‌महिने हललेलं नाही. अशा ठिकाणीही पॅरा मरत नाही, पण पिवळं पडून नुसतं जगत राहतं. त्याला पाणी हवं ते हलतं. धो धो नको, एका बाजूने येऊन दुसरीकडून संथ निघून जाणारं. तुमच्या तुकड्याला एक आत यायची आणि एक बाहेर जायची वाट करता आली, तर अर्धं काम झालं म्हणा. बाहेरची वाट हवी तेव्हा बंद करता आली पाहिजे. फळी घाला, मातीची पोती ठेवा, काहीही चालेल.

खोली किती चालते? नीट रुजलेलं पॅरा साधारण मीटरभर पाण्यात तग धरतं, कारण पाण्याबरोबर तेही वर चढत जातं. पण चढायला वेळ मिळाला पाहिजे. एका रात्रीत शेंडे बुडाले आणि आठवडाभर बुडालेलेच राहिले, तर पोकळ नळीचा काही उपयोग नाही, वरचं तोंडच बंद झालेलं असतं. तुमच्या गुडघाभर पाण्याची मला चिंता नाही. ते किती दिवसांत चढतं, ते मात्र एका पावसाळ्यात काठी रोवून मोजून ठेवा.

बाकी अटी चटकन सांगतो. ऊन भरपूर हवं, दाट सावलीत ते उभारी धरत नाही. हवा उष्ण हवी. तापमान 15 अंशांच्या आसपास उतरलं की वाढ जवळजवळ थांबते आणि कडक हिमाने पानं करपतात, पण पाण्या-चिखलातल्या कांड्या बहुधा पुन्हा फुटतात. आम्लधर्मी जमीन चालते, थोडी खारवटही चालते. हलक्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीत मात्र कोणी लावू नये, तिथे याहून सरस गवतं आहेत.

ओळख नीट पटवून घ्या, कारण पाणथळीत उगवलेल्या कुठल्याही लांब गवताला लोक पॅरा म्हणतात. कांडी हातात घेतली की आधी पेर बघायचा. प्रत्येक पेरावर पांढरट, दाट लव असते, अंगठ्याला मखमलीसारखी लागते. पानाच्या आवरणावरही केस असतात. उन्हातान्हात उघड्या हाताने कापणी केली तर संध्याकाळी मनगटं खाजतात, त्यावरूनही कळतं. पान वीत-दीड वीत लांब, बोटभर रुंद. जमिनीवरून धावणारी खोडं चार-पाच मीटर सहज जातात आणि जिथे पेर ओल्या मातीला टेकला तिथे मुळं सोडतात. मग तिथून नवी काडी उभी राहते, ती माणसाच्या कमरेपर्यंत, कधी त्याहूनही वर जाते.

नाव ब्राझीलच्या पारा प्रांतावरून पडलं, पण गवत मूळचं तिथलं नाही. ते आफ्रिकेतल्या पूरमैदानांतलं. गुलामांच्या जहाजांत अंथरायला म्हणून ते अटलांटिकपार गेलं आणि तिकडे इतकं माजलं की पुढे जगाने त्याला तिकडचंच मानलं. त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ फोर्सकॉलच्या नावाने 1775 मध्ये छापलं गेलं. जुन्या पुस्तकांत ते ब्रॅकियारिया म्युटिका, आता युरोक्लोआ म्युटिका. बेणं मागवताना दोन्ही नावं दिसतील, घाबरू नका, गवत तेच.

आता बेणं. बियांच्या नादी लागू नका. फुलोरा येतो, पण दाणा फार कमी भरतो आणि भरलेल्यातलाही थोडाच उगवतो. कांड्याच लावायच्या. त्या घ्यायच्या तीन-साडेतीन महिन्यांच्या, पक्व झालेल्या खोडाच्या मधल्या भागातून. शेंड्याकडचा कोवळा भाग चिखलात सडतो, बुडखा फार जून असेल तर डोळे निजलेले असतात. तीन पेरांचा तुकडा, म्हणजे साधारण 25 ते 30 सेंटिमीटर. आणल्या दिवशी लावता आलं नाही तर मोळ्या सावलीत, बुडखे पाण्यात ठेवून दोन-तीन दिवस खुशाल ठेवा. चौथ्या दिवशी पेरांवर पांढरे मुळांचे ठिपके दिसू लागतात. ते मोडायच्या आत लावा.

मोळ्या आल्या की त्या सोडून एकदा झटकायच्या. लव्हाळ्याच्या गाठी, पाणकणसाचे कोंब, कधी गोगलगायींची अंडी, हे सगळं मोळीतून फुकट येतं. चिबड जमिनीत लव्हाळा आधीच असतो, तरी दुसऱ्याचा कशाला आणायचा.

अंतर दोन ओळींत दोन फूट आणि दोन कांड्यांत दीड फूट. या हिशोबाने एका कांडीला तीन चौरस फूट जागा, म्हणजे एकरी साधारण साडेचौदा हजार कांड्या. दीड एकराला बावीस हजारांच्या घरात. आकडा मोठा वाटतो, पण पॅराचा एक वाफा असेल तर घरच्या घरी होतो. माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी पाच-सहा गुंठ्यांतच लावा. पुढच्या हंगामाचं बेणं त्यातून निघेल आणि पाणी नेमकं कुठून चढतं तेही डोळ्यांनी दिसेल.

माझी स्वतःची पहिली लावण सांगतो, म्हणजे पातळीचा मुद्दा का लावून धरतोय ते कळेल. चिखलणी केली होती, वर चार बोटं पाणी होतं. कोणीतरी सांगितलं होतं की कांड्या नुसत्या आडव्या टाकून पायाने दाबल्या तरी चालतं. तसंच केलं, दिवसभरात पाव एकर झाला. रात्री जोराचा पाऊस. सकाळी जाऊन बघतो तर वाफा मोकळा, आणि सगळ्या कांड्या पाणी जायच्या तोंडाशी गोळा झालेल्या, काड्यामुड्यांत अडकलेल्या. पोकळ कांडी म्हणजे छोटी होडीच, ती चिखलाखाली कशाला बसेल? त्यातल्या बऱ्याच बांध ओलांडून सामाईक चरात गेल्या. तीन महिन्यांनी माझा वाफा विरळ आणि चर हिरवागार. पुढची दोन वर्षं तो चर मी माझ्या खर्चाने साफ केला.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. चिखलणी हलकी करायची आणि वरचं पाणी पूर्ण सोडून द्यायचं. चिखल असा हवा की त्यात पाऊल टाकून काढलं तर ठसा लगेच भरून येऊ नये. कांडी तिरकी धरायची, डोळ्यांची तोंडं वरच्या बाजूला, आणि दोन पेर चिखलात जाऊन तिसरा बाहेर राहील इतकी खुपसायची. मग अंगठ्याने बुडखा दाबायचा आणि टाचेने बाजूची माती सरकवायची. खुपसा, दाबा, सरकवा. दोन माणसांना लय सापडली की दिवसात बरंच उरकतं. दहा-बारा दिवसांनी मधली एखादी कांडी दोन बोटांत धरून हलकेच ओढून बघा. ओढ लागली, म्हणजे मूळ धरलं. सटकन हातात आली तर ओळीतल्या दहा कांड्या तपासा आणि मोकळ्या जागा भरून घ्या.

वेळ कोणती? मोठं पाणी चढायच्या चार ते सहा आठवडे आधी, सिंचनाची सोय असेल तर. नसेल तर पाणी ओसरताना, पण थंडी पडायला दोन महिने तरी हातात हवेत. तुमच्या तुकड्यात चार-पाच महिने पाणी हटतच नाही, तेव्हा मधल्या काळात लावण करायचा मोह टाळा. एखाद्या कोपऱ्यात पाणी कधीच उतरत नसेल तर तिथे आखूड कांडी चालत नाही. मीटर-दीड मीटरची अखंड खोडं घ्यायची, बुडखा चिखलात रुतवून पायाने तुडवायचा आणि शेंडा पाण्यावर राहू द्यायचा. तिथे शेजारी एक-एक खुंटी ठोकून खोड सैल बांधलं तर अजून बरं.

मूळ धरल्यावर पाणी हळूहळू घ्या. माझा ठोकताळा: झाडाचा निदान वरचा तिसरा भाग कायम पाण्याबाहेर दिसला पाहिजे. वीतभर उंचीला दोन-चार बोटं पाणी, गुडघाभर उंचीला वीतभर. पहिला दीड महिना तणांचा असतो. एकदा, फार तर दोनदा खुरपणी करा. पुढे पॅराच बाकीच्यांचा श्वास कोंडतो. पाणकणीस मात्र अपवाद आहे, ते आत्ताच गड्ड्यासकट उपटून टाका.

पहिली कापणी 75 ते 80 दिवसांनी. धावती खोडं एकमेकांना छेदून गेलेली आणि उभ्या काड्या गुडघ्याच्या वर आलेल्या दिसल्या पाहिजेत. त्याआधी कापलं तर जमीन झाकायच्या आतच गवत थकतं. नंतर उष्ण, ओल्या दिवसांत दर 30 ते 40 दिवसांनी, थंडीत जमेल तेव्हा. वर्षाकाठी सात-आठ कापण्या आणि हेक्टरी 80 ते 100 टन हिरवा चारा हा चांगल्या देखभालीचा आकडा झाला, म्हणजे एकरी 32 ते 40 टन. तुमच्या जमिनीत पाणी काही महिने इतकं असेल की कापायला उतरताच येणार नाही, तेव्हा पहिल्या वर्षी याच्या निम्म्याचाच हिशोब धरा.

कुठे कापायचं हे किती दिवसांनी कापायचं यापेक्षा महत्त्वाचं. कोरड्यावर जमिनीपासून चार ते सहा बोटं ठेवून. पाणी उभं असेल तर जमीन विसरा, पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजा: खुंट पाण्याच्या वर निदान चार बोटं दिसला पाहिजे. एका मजुराने एकदा माझ्या वाफ्यात ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून विळा पाण्याखाली घातला होता. त्या पट्ट्यातली एक कांडी मी आठव्या दिवशी उपटली. वरून पोकळीत पाणी शिरलेलं, आतली भिंत तपकिरी, बुळबुळीत, दाबली की आंबूस वासाचं पाणी बाहेर. खालची मुळं काळी पडलेली. दोन हात पलीकडे, पाण्यावर कापलेल्या पट्ट्यात त्याच दिवशी प्रत्येक खुंटाला बोटभर फुटवे होते. हवेची नळी कापून तिचं तोंड पाण्यात बुडवलं की हे असंच होतं. (हीच गोष्ट उलटी वापरून पॅरा मारताही येतं. ते शेवटी सांगतो.)

दोन-तीन वर्षांनी खाली जुन्या खोडांची गादी तयार होते. वरून हिरवं दिसतं, पण पाय टाकला की स्पंज दाबल्यासारखा आत जातो आणि चारा कमी निघतो. वर्षातून एकदा, जमीन सर्वांत कोरडी असते तेव्हा, खोल कापून ती गादी उचलून बाहेर काढा. वाफसा, म्हणजे नांगर चालेल इतपतच ओल, मिळाला तर एक हलकी नांगरट किंवा तव्याची पाळी द्या. तुकडे झालेली खोडंच नवीन लावण होतात. वाफसा आलाय का हे मुठीत ढेकूळ दाबून बघा, नाहीतर ओल्या चिखलात यंत्र घालून जमीन लोण्यासारखी करून ठेवाल.

खताबद्दल एकच कळीची गोष्ट. उभ्या पाण्यात युरिया फेकणं म्हणजे पैसा हवेत सोडणं. पाण्यात शेवाळ असेल तर दुपारी पाण्याचा सामू चढतो आणि अमोनिया उडून जातो. खाली नायट्रेट झालंच तर बिनहवेच्या चिखलातले जिवाणू त्याचा वायू करून टाकतात. कापणी झाली की पाणी सोडा, चिखल उघडा पडू द्या, खत द्या, दोन-तीन दिवस मातीत मुरू द्या, मग पाणी घ्या. प्रत्येक कापणीनंतर हेक्टरी 20 ते 30 किलो नत्र, म्हणजे 45 ते 65 किलो युरिया, एकरी 18 ते 26 किलो. लावणीआधी कुजलेलं शेणखत आणि स्फुरद. पानं फिकट आणि कडेने वाळलेली दिसली तर पालाश कमी पडलंय का ते माती तपासून बघा, कारण दर कापणीला चाऱ्याबरोबर ते भरपूर बाहेर जातं. गोठ्याचं धुवण, ताजं शेण आधी बाजूला काढून, सोडता येत असेल तर पॅरासारखं दुसरं गिऱ्हाईक नाही. पण गोठ्याचं म्हणजे गोठ्याचंच. कारखान्याचं किंवा गावाच्या गटाराचं पाणी सोडू नका. पॅरा त्यातले जड धातूही मुकाट्याने शोषून घेतं, आणि ते पुढे दुधापर्यंत जाऊ शकतात.

जनावरांच्या दावणीत हे गवत कसं वागतं? कोवळं असताना गोड, रसाळ, गुरं तुटून पडतात. प्रथिनं कोवळ्या पाल्यात साधारण 12 ते 14 टक्के, फुलोऱ्यावर गेलेल्या जाड कांड्यांत निम्म्यावर येतात. म्हणून चाळिशी ओलांडू देऊ नका, दिवसांची. पण कोवळ्या पॅरात 80 टक्क्यांहून अधिक पाणी असतं. 400 किलोच्या गाईला दिवसाला 10 ते 12 किलो कोरडा अंश लागतो. तो नुसत्या पॅरातून द्यायचा तर 55-60 किलोंच्या वर ओला चारा होतो. पोट भरतं पण अंगी लागत नाही, शेणही पातळ होतं. कापून चार-सहा तास सुकू द्या, कुट्टी करा आणि कोरडी वैरण मिसळा. वाळवून ठेवायचा विचार सोडा. जाड, रसदार खोड वाळेपर्यंत पानं चुरतात आणि आत बुरशी धरते. जास्तीचं निघालं तर दिवसभर सुकवून मुरघास करा. साखरेचा अंश कमी असतो, म्हणून थोडी उसाची पातळ, गोड मळी घातली तर आंबणं नीट होतं.

दोन धोके आहेत. पहिला नायट्रेटचा. युरिया देऊन आठवडाभर ढगाळ हवा राहिली तर पाल्यात नायट्रेट साठतं, आणि ते जनावराला विषारी ठरतं. खतानंतर तीन आठवडे तरी कापू नका आणि उपाशी जनावरापुढे एकदम ढीग टाकू नका. दुसरा, मला जास्त भीती वाटणारा, यकृतातल्या चपट्या कृमींचा. शेणातून अंडी पाण्यात, तिथून लहान गोगलगायीत, आणि तिच्यातून निघालेल्या अळ्या गवताच्या खोडावर, बरोबर पाण्याच्या रेषेशी, टाचणीच्या टोकाएवढं कवच करून बसतात. जनावर हळूहळू खंगतं, पापण्या फिकट होतात, जबड्याखाली पाणी उतरून पिशवी लोंबते. पाण्याच्या वर चार बोटं ठेवून कापा हे मी वर नळीसाठी म्हटलं, त्याचं हेही कारण आहे. ताजं शेण या वाफ्यात टाकू नका. कृमींचं औषध कधी आणि कोणतं, ते तुमच्या पशुवैद्यांना विचारा, आणि त्यांना चारा पाणथळीतला आहे हे आवर्जून सांगा.

चराई करू का, असंही तुम्ही विचारलंय. ओल्या महिन्यांत नाही. खुराने चिखलात खड्डे पडतात, खुंट आत गाडले जातात, खुरांत कुजरोग होतो आणि गुरं नेमकं पाण्याच्या रेषेवरचं गवत खातात. कोरड्या दिवसांत, गवत वीतभर राहील अशा बेताने, थोडा वेळ सोडलं तर चालतं.

आता हद्द. पॅरा बियांनी फारसं पसरत नाही, हे आपलं नशीब. ते पसरतं दोन वाटांनी: बांधावरून धावणाऱ्या खोडांनी आणि वाहत्या पाण्यातून जाणाऱ्या तुकड्यांनी. पहिली वाट विळ्याने बंद होते. वाफ्याच्या चारही बाजूंना दोन-तीन हातांची कोरडी, उंच पट्टी ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी तिच्यावर आलेली खोडं उलटून आत फेका. दुसरी वाट जास्त दगाबाज आहे. पाणी बाहेर जायच्या तोंडावर बारीक जाळी लावा आणि कापणीच्या दिवशी ते तोंड बंदच ठेवा. कापताना उडालेला एक पेर पुरतो. चर साफ केल्यावर काढलेला गाळ काठावर टाकू नका, त्यातले पेर आठवड्यात रुजतात. यंत्र दुसऱ्याच्या शेतात जाण्याआधी धुवा.

हे मी घाबरवायला सांगत नाही. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे गवत चाऱ्यासाठी आणि ओढ्यांचे काठ धरून ठेवण्यासाठी आणलं गेलं. आज उत्तरेकडच्या काकाडू राष्ट्रीय उद्यानाच्या पूरमैदानांत त्याने रानभाताची मोठी जागा व्यापली आहे. त्या भातावर जगणाऱ्या मॅगपाय गूज या पाणपक्ष्यांची पंचाईत झालीय, आणि वाळलेल्या पॅराच्या जाडीमुळे वणवे जास्त तापट लागतात. क्वीन्सलँडच्या ऊसपट्ट्यात त्याने ओढ्यांची पात्रं आवळली, पाणी आणि गाळ अडवला. म्हणून तुमच्या तुकड्याचं पाणी थेट नैसर्गिक तळ्यात, नदीच्या पाणथळीत किंवा पक्षी उतरतात अशा दलदलीत जात असेल, तर माझं उत्तर सरळ आहे: लावू नका. दोन वेळा लोकांनी मला बेणं मागितलं आणि मी दिलं नाही, दोघंही नाराज झाले. त्या जागी चर काढून पाणी घोट्याखाली आणता आलं तर ब्रॅकियारिया ह्युमिडिकोला लावा. ते ओल सोसतं, उभं पाणी फार नाही. तेही धावतंच, पण त्याची कांडी पॅरासारखी पाण्यातून प्रवासाला निघत नाही.

आणि काढायचं झालं तर. नुसतं नांगरून जात नाही, तुकडे वाढतात. कोरड्या दिवसांत अगदी जमिनीलगत कापा, कापलेलं सगळं बाहेर काढून वाळवा, आणि फुटवे यायच्या आत खुंट पूर्ण बुडतील इतकं पाणी चढवून ते महिनाभर उतरू देऊ नका. नळीचं तोंड बुडालं की खालची मुळं सडतात. पाणी चढवता येत नसेल तर उलट करा: चर खोल करून जमीन सुकवा, दोन-तीन नांगरटी तापत्या उन्हात द्या, वर आलेली खोडं वेचा. चराच्या काठाला दाट सावलीची झाडं लावली तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याचा जोर आपोआप ओसरतो. यातलं काहीही केलं तरी पुढची दोन वर्षं महिन्यातून एकदा फेरी मारून चुकार पेर उपटावे लागतात.

तुमच्यासाठी क्रम असा: या हंगामात काठी रोवून पाणी मोजा, आत-बाहेरच्या वाटा करा, पट्टी उंच करून घ्या. पुढच्या वेळी, पाणी चढायच्या महिना-दीड महिना आधी, पाच-सहा गुंठे. बाहेरच्या तोंडाला जाळी आधी, कांडी नंतर.